संगणक कक्षात डेबियन १३: कामाच्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

विंडोज १० चा आधार (सुरक्षा अपडेट) परवा, १४ तारखेला संपला. शाळेच्या संगणक कक्षात १६ मशीन आहेत. बारा एच६१ मदरबोर्डवाली: कोअर आय३-२१२०, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. चार त्याहून जुनी, जी३१ बोर्डवाली: कोअर टू ड्युओ ई७५००, २ जीबी डीडीआर२. या चारांवर अजून विंडोज ७ आहे, ज्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच गेला. शाळेच्या ऑफिसातलं एक धरून एकूण १७.

विंडोज ११ चा विचार अर्ध्या तासात बाद. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसर आठव्या पिढीच्या बऱ्याच आधीचा. तपासणीला बगल देऊन आय३ वर ते चढवता येतं, पण दर मोठ्या अपडेटला तोच खटाटोप. ई७५०० वर तर बगल देऊनही उपयोग नाही: २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असाव्याच लागतात, आणि कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत.

ठरलं ते डेबियन १३ (ट्रिक्सी), म्हणजे मोफत लिनक्स सिस्टिम, आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. ९ ऑगस्टला आलेली आवृत्ती आहे, नेहमीचा आधार २०२८ पर्यंत, त्यापुढे दीर्घ मुदतीचा २०३० पर्यंत. १३ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलर काढून टाकला आहे, म्हणून जी३१ वाल्यांची आधी खात्री केली. त्यांवरचं विंडोज ७ हे ३२-बिट होतं, त्यामुळे मशीनच ३२-बिट आहे असा सगळ्यांचा समज. तसं नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) चालू करून 'एलएससीपीयू' (प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा) दिलं, ई७५०० चोख ६४-बिट निघाला.

प्रत्येक डब्याच्या मागे मार्करने क्रमांक टाकला, ०१ ते १६. वहीत क्रमांकासमोर बोर्ड, रॅम, डिस्कचा सिरियल, बायोसची (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमची) आवृत्ती. कंटाळवाणं काम, पण पुढे अमक्या मशीनची डिस्क कुठली हे विचारायची वेळ येतेच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डेटा काढणं. विंडोज चालू न करता सगळी मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू केली, डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट केली (जोडली) आणि 'आरसिंक'ने (फाइलची प्रत काढणारी आज्ञा) २ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर मशीनच्या क्रमांकाने फोल्डर करून उतरवलं. नंतर '-सी' लावून दुसऱ्यांदा आरसिंक चालवला, म्हणजे फाइलचा नुसता आकार आणि वेळ न बघता मजकूर ताडला जातो. वेळ दुप्पट लागतो. सिस्टिम बदलल्यावर मूळ प्रत राहणार नाही, तेव्हा लागू दे.

मशीन ०६ वर डी ड्राइव्हमध्ये नुसते शॉर्टकट: 'सहामाही', 'फोटो', 'निकाल'. लॅबच्या मॅडमना वाटलं होतं डेटा गेला. हा पेनड्राइव्हमधून फिरणारा जुना शॉर्टकट व्हायरस. 'एलएस -एलए' (लपलेल्यांसकट यादी) दिल्यावर एका फोल्डरचं नाव कोरंच दिसलं. ते नाव म्हणजे एकच अक्षर, न तुटणारी मोकळी जागा (युनिकोड ००ए०), वर हिडन आणि सिस्टिम असे दोन्ही गुण लावलेले. विंडोजला तो दिसत नाही, लिनक्सला असल्या गुणांशी घेणंदेणं नाही. आत सगळं जसंच्या तसं, ११ जीबी. टर्मिनलमध्ये ते नाव टाइप करत बसू नये. टॅब दाबून पूर्ण करावं किंवा फाइल मॅनेजरमधून ओढून घ्यावं. 'एलएनके' शेवटाच्या फाइल आणि त्या फोल्डरात लपलेली 'व्हीबीएस' फाइल बॅकअपमधून वगळली.

मशीन ११ ची डिस्क टकटक करते. 'स्मार्टसीटीएल'मध्ये (डिस्कची तब्येत सांगणारी आज्ञा) क्रमांक ५ (बदललेले सेक्टर) बराच चढलेला, १९७ (प्रलंबित सेक्टर) ४८. अशा डिस्कवर आरसिंक चालवू नये. प्रत्येक खराब फाइलपाशी तो अडतो आणि डिस्क घासली जाते. 'डीडीरेस्क्यू' (खराब डिस्कची प्रत काढणारं) घेतलं: पहिली फेरी '-डी -एन' देऊन, म्हणजे जे सहज वाचतंय ते आधी उचल, दुसरी फेरी '-आर३' देऊन, राहिलेल्यावर तीन प्रयत्न. दोन्ही वेळा मॅपफाइल (काय वाचून झालं त्याची नोंद) तीच द्यायची. ती विसरली तर दुसरी फेरी पहिल्यापासून सुरू होते. शेवटी ४ एमबीच्या आत न वाचलेलं राहिलं.

मशीन ०३ वर मात्र १९९ क्रमांक वाढलेला होता. तो डिस्कचा दोष नव्हे, साटा केबलचा (डिस्क बोर्डला जोडते ती). केबल बदलली, आकडा वाढायचा थांबला. (जुना आकडा शून्यावर येत नाही, घाबरू नये.)

१८ ऑक्टोबर, शनिवार

डबे उघडले. ब्लोअर व्हरांड्यात नेऊन. पंखा बोटाने धरून मगच हवा मारायची, नाहीतर तो गरगरा फिरून बेअरिंग जातं. आय३ च्या कूलरचे चार प्लास्टिक खिळे उलटे फिरवून काढले, वाळून खडू झालेली पेस्ट पुसली, नवी वाटाण्याएवढी. खिळे परत बसवताना कर्णात समोरासमोरचे दाबायचे. मशीन ०९ ला एक खिळा अर्धवट बसला होता आणि ते दोन मिनिटांत बंद पडत होतं.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या, कोरड्या ब्रशने झटकल्या. नुसत्या एवढ्याने मशीन ०२ आणि १४ चं तीनदा बीप करणं थांबलं. तरी प्रत्येकावर मेमटेस्ट८६+ ची एक पूर्ण फेरी चालवलीच. मशीन ०८ ची एक कांडी सातव्या चाचणीत लाल. रॅम खराब असताना सिस्टिम चढवली तर पॅकेज उलगडताना कुठेही चेकसमची चूक येते, दर वेळी वेगळ्या पॅकेजपाशी, आणि माणूस पेनड्राइव्हला दोष देत बसतो.

मशीन १६ (जी३१): प्रोसेसरशेजारचे चार कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एक गळलेला. ते बाद. त्याची रॅम १३ मध्ये, त्यामुळे १३ आता ४ जीबी. कक्षात १५ उरली.

सीमॉस बॅटरी (बंद मशीनचं घड्याळ आणि बायोसचे बदल जपणारी). मल्टिमीटरने बाहेर काढून मोजल्या. नवी सीआर२०३२ तीन व्होल्टच्या थोडी वर दाखवते. १५ पैकी ९ जणी २.६ च्या खाली. घड्याळ १ जानेवारी २०११ वर. आज दुकानात सहाच मिळाल्या, तीन मशीन (०४, ०७, १०) जुन्याच बॅटरीवर राहिली. पाडव्यानंतर आणू असं म्हणून सोडलं. ही चूक होती, २७ तारखेची नोंद पहा.

एच६१ वाल्या बारांना २४० जीबी एसएसडी. एच६१ चे सगळे साटा पोर्ट ३ गिगाबिटचेच असतात, तेव्हा महागडी वेगवान एसएसडी घेण्यात अर्थ नाही, स्वस्तातली पुरते. वेग वाढतो तो मुख्यतः बारीकसारीक फाइल वाचण्यात, आणि तो या पोर्टवरही पुरेपूर मिळतो. बायोसमध्ये साटा मोड आयडीईवरून (जुनी पद्धत) एएचसीआयवर (नवी पद्धत) नेला. विंडोज तसंच ठेवायचं असतं तर या एका बदलाने ते निळ्या पडद्यावर आलं असतं. ते जाणारच आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

डेबियन १३.१ ची नेटइन्स्ट प्रतिमा (छोटा इन्स्टॉलर, बाकीचं नेटवरून येतं), ८०० एमबीच्या आतबाहेर. एसएचए५१२ (फाइल नीट उतरल्याची खूण) ताडून पाहिली. पेनड्राइव्हवर 'डीडी'ने लिहिली: बीएस=४एम, शेवटी कॉन्व्ह=एफसिंक. लक्ष्य म्हणून पूर्ण यंत्र द्यायचं (एसडीबी), विभाग नव्हे (एसडीबी१). विभाग दिला तर लिहिलं जातं, चूक येत नाही, आणि पेनड्राइव्ह चालूही होत नाही. चार पेनड्राइव्ह तयार.

मशीन ०१ वर हाताने पहिली चाचणी. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: नुसत्या नावाने, आणि 'यूईएफआय' (बूटची नवी पद्धत) लावून. जो निवडाल त्या पद्धतीने इन्स्टॉल होतं. एच६१ साठी यूईएफआय, जी३१ ला ते नाहीच म्हणून जुनी पद्धत.

इन्स्टॉल पूर्ण, रीस्टार्ट, आणि 'बूट करण्याजोगी डिस्क नाही'. कारण माहितीतलं आहे: या काळातले काही फर्मवेअर बूटची नोंद जपून ठेवत नाहीत, फक्त ईएफआय विभागातल्या ठरलेल्या 'बूट' फोल्डरातली 'बूटएक्स६४' फाइल शोधतात. तज्ज्ञ पद्धतीने इन्स्टॉल केलं तर 'काढता येण्याजोग्या माध्यमाच्या मार्गावरही ग्रब टाकू का' असा प्रश्न येतो (ग्रब म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम). त्याला हो म्हटलं की ग्रबची प्रत तिथेही जाते. हे उत्तर आता सगळ्यांसाठी कायम.

विभागणी: ईएफआय ५१२ एमबी, बाकी सगळं मूळ विभाग, एक्स्ट४. स्वॅपचा (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जागा) वेगळा विभाग नाही, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) देणार.

२५ ऑक्टोबर, शनिवार

क्लोन (एका डिस्कची हुबेहूब प्रत) की प्रीसीड (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल)? एकसारखी बारा मशीन आहेत म्हटल्यावर क्लोनझिला सोपं वाटतं. पण क्लोनमध्ये यजमाननाव (नेटवर्कवरचं मशीनचं नाव), एसएसएच किल्ल्या (दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख) आणि मशीन-आयडी सगळ्यांचे एकच होतात. मशीन-आयडी एक म्हणून राउटर दोघांना एकच पत्ता देऊ शकतो आणि नेट आळीपाळीने तुटतं. हे सगळं नंतर दुरुस्त करता येतं. तरी प्रीसीड बरा, कारण काय केलं ते एका मजकूर फाइलमध्ये लिहिलेलं राहतं आणि जी३१ ला तीच फाइल चालते.

मशीन १२ तात्पुरतं सर्व्हर केलं, पत्ता १९२.१६८.१.१०. त्यावर दोन गोष्टी: प्रीसीड फाइल देणारा साधा वेब सर्व्हर, आणि 'एपीटी-कॅशर-एनजी', पोर्ट ३१४२. डेस्कटॉपसकट एका मशीनला एक जीबीहून जास्त उतरवावं लागतं. कॅशरमुळे ते बाहेरून एकदाच येतं, बाकीच्यांना लॅनवरून. प्रीसीडमध्ये प्रॉक्सीच्या ओळीत हाच पत्ता.

घोळ झाला तो डिस्कच्या नावाचा. फाइलमध्ये सरळ 'एसडीए' लिहिलं होतं. मशीन ०२ वर कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) पेनड्राइव्ह आधी ओळखला, तो झाला एसडीए, एसएसडी झाली एसडीबी. इन्स्टॉलर पेनड्राइव्हचंच विभाजन करायला निघाला. नाव हे ओळखण्याच्या क्रमाने मिळतं, त्यावर भिस्त ठेवता येत नाही. आता 'अर्ली कमांड'मध्ये (इन्स्टॉलच्या सुरुवातीला चालणारी आज्ञा) छोटी स्क्रिप्ट: एकेक डिस्क घे, तिच्या 'रिमूव्हेबल' फाइलमध्ये ० असेल तीच निवड, आणि तेच नाव विभागणीला आणि ग्रबलाही दे. ग्रबचं विसरलं तर सिस्टिम एसएसडीवर आणि ग्रब पेनड्राइव्हवर जातो. मग पेनड्राइव्ह लावला की मशीन चालू होतं आणि काढला की नाही, हे कोडं अर्धा दिवस खातं.

डेटाची दुसरी डिस्क ज्यात आहे अशा मशीनवर ही स्क्रिप्ट चालवायची नाही. स्क्रिप्टवर कितीही विश्वास असला तरी डेटा डिस्कची साटा केबल आधी उपसून ठेवायची.

स्वॅप नसल्याबद्दल इन्स्टॉलर थांबून विचारतो. त्यालाही प्रीसीडमध्ये 'नो-स्वॅप' प्रश्नाचं उत्तर 'फॉल्स' देऊन ठेवलं, म्हणजे मागे फिरायचं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

एका वेळी चार मशीन. पेनड्राइव्हवरून चालू, प्रगत पर्यायांतून स्वयंचलित इन्स्टॉल, प्रीसीडचा पत्ता टाइप, एंटर. एसएसडीवर पंचवीस मिनिटांच्या आसपास, जी३१ च्या जुन्या डिस्कवर सव्वा तास.

दुपारी वीज गेली तेव्हा तीन मशीन मध्येच होती. अर्धवट झालेलं वाचवायच्या नादी लागलो नाही, तिन्ही पहिल्यापासून. (चालू सिस्टिमवर अपडेट करताना वीज गेली तर गोष्ट वेगळी: रूट (सर्वाधिकारी खातं) होऊन 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'एपीटी -एफ इन्स्टॉल'.)

०४, ०७ आणि १० अडकली. तिन्ही एकाच ठिकाणी, मिरर (पॅकेज जिथून उतरतात तो सर्व्हर) तपासताना: 'मिरर वापरता येत नाही'. बाकीची मशीन त्याच केबलवर, त्याच मिररवरून व्यवस्थित चालली होती. कंट्रोल-ऑल्ट-एफ४ ला जाऊन नोंद वाचली तर एपीटी (पॅकेज उतरवणारा प्रोग्रॅम) सही नाकारत होतं, कारण सहीची तारीख भविष्यातली! मशीनच्या लेखी आज २०११ साल. बॅटरी न बदललेली तीच ही तीन.

एरवी इन्स्टॉलर नेटवर्क मिळताच एनटीपीवरून (नेटवरून घड्याळ लावायची पद्धत) वेळ आणतो आणि मेलेली बॅटरी लक्षातही येत नाही. इथल्या राउटरवर यूडीपी १२३ (एनटीपीचं पोर्ट) बंद आहे, म्हणून वेळ आलीच नाही. तात्पुरता उपाय म्हणजे एफ२ च्या कन्सोलवर 'डेट' देऊन तारीख घालणं आणि परत फिरून मिररची पायरी पुन्हा करणं. कायमचा उपाय तीन बॅटऱ्या. त्या आज आणल्या. बॅटरी काढल्यावर ०७ चा साटा मोडही परत आयडीईवर गेला होता, तोही पुन्हा बदलला. राउटरवर १२३ उघडून घेतलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

जी३१ वाल्या १४ आणि १५ (२ जीबी) घुसमटतात. डेबियन १३ मध्ये '/टीएमपी' (तात्पुरत्या फाइलचं फोल्डर) आता रॅममध्ये असतं, निम्म्या रॅमपर्यंत. लिबरऑफिसमधून मोठी पीडीएफ काढली की तिथेच जागा जाते. या दोघांवर 'टीएमपी.माउंट' मास्क (कायमचं बंद) करून रीस्टार्ट केलं, '/टीएमपी' परत डिस्कवर. सर्वांवर 'झेडरॅम-टूल्स', प्रमाण ५० टक्के, पद्धत झेडएसटीडी. १४ आणि १५ मुलांच्या ब्राउझरला देऊ नयेत; टायपिंग, चित्रकला, जीकॉम्प्रीसाठी (मुलांचे शैक्षणिक खेळ) ठीक.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मराठी. 'लोकेल.जेन'मध्ये (भाषांची यादी) मराठीची ओळ 'एमआर_आयएन यूटीएफ-८' अशी आहे. इंग्रजीच्या सवयीने 'एमआर_आयएन.यूटीएफ-८' शोधलं तर सापडत नाही. सिस्टिमची भाषा इंग्रजी (भारत) ठेवली, विद्यार्थ्यांच्या खात्याची मराठी. रूटच्या चुकांचे संदेश मराठीत आले की नेटवर शोधता येत नाहीत.

कीबोर्ड '/ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड'मध्ये. लेआउट: 'यूएस,आयएन'. व्हेरियंट: ',मराठी' (फाइलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत), आणि आधीचा स्वल्पविराम महत्त्वाचा. तो राहिला तर 'मराठी' हा प्रकार यूएस लेआउटला लागतो. असा प्रकार अस्तित्वातच नाही, मग नकाशा तयार होत नाही आणि दोन्ही लेआउटपैकी नुसतं इंग्रजी उरतं. बदल ऑल्ट-शिफ्टने. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये 'सिस्टिमचं वापरा' वर खूण हवी, नाहीतर ते स्वतःचंच खरं करतं.

इन्स्क्रिप्टवर (देवनागरीचा कीबोर्ड लेआउट) 'सुऱ्या'चा अर्धा र चुकतो. साधा र (जे) आणि हलन्त (डी) दिलं तर रफार होऊन 'सुर्या' उमटतं. शिफ्ट-जे ने नुक्त्याचा ऱ, मग डी, मग य. ळ शिफ्ट-एन वर. हा कागद प्रत्येक मॉनिटरखाली चिकटवला.

लिबरऑफिसमध्ये पाकळीचा ल न येता दंडाचा हिंदी ल येत होता. फॉन्ट बदलायची गरज नाही. लोहित आणि नोटो दोन्हींत मराठी रूपं आहेत, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे कळलं तरच ती लागतात. पर्याय, भाषा, 'जटिल मजकूर मांडणी' मराठी. ल लगेच बदलला.

जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्यावर कचरा दिसतो. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. फाइलमध्ये खरी अक्षरं रोमन, फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. त्या फॉन्टशिवाय फाइल नुसती उघडून उपयोग नाही. ऑफिसच्या मशीनवर तो फॉन्ट आहे, तिथे सगळ्यांची पीडीएफ करून घ्यायची. ज्या पुन्हा लागणार तेवढ्याच कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरं हाताने तपासायची. 'क्ष', 'ज्ञ' आणि रफार यांत हमखास चुका राहतात.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसचं मशीन दुहेरी बूट (विंडोज आणि लिनक्स दोन्ही). हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. आधी 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. जलद स्टार्टअप चालू असेल तर विंडोज 'बंद' होतं ते अर्धं झोपूनच, आणि लिनक्स ती डिस्क लिहिण्यासाठी माउंट करत नाही. सी ड्राइव्ह लहान करायला गेलं तर १८० जीबी मोकळे असून फक्त २२ देऊ केले. मध्ये पेजफाइल (विंडोजचा स्वॅप) बसली होती. पेजफाइल बंद, रीस्टार्ट, लहान करणं, पेजफाइल परत चालू. ९० जीबी मिळाले.

मेन्यूत विंडोज दिसलं नाही. ग्रब आता दुसऱ्या सिस्टिम आपणहून शोधत नाही. सेटिंगमध्ये 'ओएस-प्रोबर' बंद ठेवणारी ओळ 'फॉल्स' केली, 'अपडेट-ग्रब' दिलं. विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे: लिनक्स बोर्डवर यूटीसी (जागतिक वेळ) लिहितो, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. उपाय: 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १', म्हणजे लिनक्सही बोर्डवर भारतीय वेळ लिहितो. विंडोजमधलं लॅन कार्ड बंद करून ठेवलं आहे, कारण तिकडे आता सुरक्षा अपडेट येणार नाहीत.

प्रिंटर जुना होस्ट-बेस्ड लेझर. त्याचं फर्मवेअर त्याच्या पोटात नसतं, दर वेळी चालू केल्यावर संगणकाने द्यावं लागतं. 'एचपीलिप' (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) आणि त्याचं प्लगइन, दोन्हींची आवृत्ती एकच हवी. म्हणून या मशीनवर एचपीलिप 'होल्ड' केलं (त्याचं अपडेट थांबवलं). नाहीतर अपडेटनंतर काम रांगेत दिसतं, कागद मात्र येत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

विद्यार्थ्यांचं खातं दर बूटला नमुन्यावरून ताजं: लाइटडीएमच्या (लॉगिनचा पडदा) आधी चालणारं एक सिस्टिमडी युनिट (बूटला आपोआप चालणारं काम), 'आरसिंक -ए --डिलीट'. स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ हवीच. पहिल्या वेळी ती राहिली, घरफोल्डरातलं जुनं तसंच राहिलं आणि आत नुसता 'नमुना' नावाचा आणखी एक फोल्डर आला. मुलांचं काम वेगळ्या 'काम' फोल्डरात, त्याला आरसिंक हात लावत नाही.

बाकी: मशीन ०८ ला ४ जीबी कांडी (सध्या २ वर). ११ च्या जुन्या डिस्कची प्रतिमा मॅडमनी पाहून होईपर्यंत ठेवायची. सर्व्हरचं काम १२ वरून ऑफिसात हलवायचं, कारण १२ वर तिसरीची मुलं बसतात आणि पॉवरचं बटण समोरच आहे.